सुनील भावजींच्या वाटणीचा डबा

गाडीवरची ‘विद्यार्थी वाहतूक’ ही अक्षरं ह्यांनी घासून काढली, पण पुरती निघाली नाहीत. पिवळ्या रंगावर त्यांची फिकट सावली राहिली. मी म्हटलं, गॅरेजात नेऊन सगळी गाडीच रंगवून घेऊ. तर म्हणाले, “कशाला? आपण काय वरातीला चाललोय?” शाळेनं स्वतःची बस घेतली आणि ह्यांचं काम गेलं, तेव्हा गाडी विकायच्या आधी तिच्यातूनच एकदा कोकण बघून येऊ असं आमचं ठरलं. मागची बाकं काढून तिथं फळी टाकली, फळीवर गादी आली. खालच्या पोकळीत एक शेगडी, छोटा सिलिंडर, तीन शिट्ट्यांत हुश्श होणारा छोटा कुकर. दिवाळी सरल्यावर एका सकाळी आम्ही इचलकरंजी सोडली. गल्लीतल्या बायकांनी हौसेनं ओवाळलं आणि आल्यावर सगळं सांगायचं म्हणून बजावलं. हे लिहायला बसले आहे ते त्यांच्यासाठीच.

सोबत एक स्टीलचा डबा होता, झाकणाला कणीक लावून बंद केलेला. त्यात चटणी (कांदा-लसूण मसाला, आमच्याकडे तिलाच चटणी म्हणतात). दर उन्हाळ्यात मी वर्षाची चटणी करते आणि त्यातला एक डबा कामोठ्याला माझ्या धाकट्या दिरांकडे, सुनील भावजींकडे जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी शाळेत होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्यांचा डबा, दप्तर, दुखणं-खुपणं सगळं माझ्याकडेच. आता ते मोठे झाले, मुंबईकडचे झाले, पण चटणी लागते ती माझ्याच हातची. यंदा पार्सल करायचं राहून गेलं होतं. हे म्हणाले, आपणच नेऊ, घरात गेल्यावर देवापुढं ठेवू आणि मग रेखाच्या हातात देऊ. रेखा म्हणजे माझी जाऊ, सायली त्यांची मुलगी. तिच्याकडे चार दिवस राहायचं, अंग धुवायचं, कपडे धुवायचे आणि मग अलिबागकडे निघायचं, असा बेत होता. फोनवर भावजी “या, या” म्हणाले होते.

पुणं मागे पडलं, जुन्या रस्त्यानं बोरघाट उतरलो आणि खोपोलीवरून पनवेलला आलो तेव्हा उन्हं कलली होती. घाट उतरला की हवाच बदलते. घाम सुकत नाही आणि अंगाला मीठ लावल्यासारखं वाटतं. कामोठ्यात शिरलो तर सगळीकडे इमारती, इमारतींना लागून क्लासच्या पाट्या, पाट्यांखाली रिक्षा. भावजींच्या इमारतीचं फाटक दिसायला लागलं तोच ते समोरून चालत आले. आम्हाला आत न घेता पुढच्या वळणावर गाडी लावायला लावली. गाडीत बसून माझ्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, “दादा, घराला रंग चाललाय. पाय ठेवायला जागा नाही. रेखा आणि सायली नाशिकला गेल्यात. मी कामावरच, द्रोणागिरीच्या गोदामात झोपतोय.” दोन-तीन दिवसांत फोन करतो म्हणाले आणि गेले. हे मागून म्हणाले, “पोरगं वाळलंय.” मला तर चांगलं पोट सुटलेलं दिसलं.

रस्त्याकडेला मुक्काम करता येईना. एक जण येऊन काच ठोकायचा, तो गेला की दुसरा. शेवटी खाडीकडच्या गव्हाणजवळ एका मोकळ्या प्लॉटवर थांबलो. शेजारीच नवा बंगला होता आणि बंगल्याच्या फाटकापाशी ताडपत्री टाकून एक बाई सुकी मासळी विकत बसली होती. बंगला तिच्याच मुलाचा. घरात बसून जीव रमत नाही म्हणून बसायचं, इतकंच. मी जागेचं विचारलं तर म्हणाली, “रवा गो. जागा आमचीच हाय.” सगळ्या प्रवासात कुणी आम्हाला “राहा” म्हटलं असेल तर ते तिनंच. तिला सगळे जनाबाई म्हणत.

आता खाण्याचं सांगते, कारण बायका आधी तेच विचारतात. पैसे बांधलेले होते आणि त्यातले निम्मे डिझेलचे, म्हणून आम्ही स्वस्त माल मिळणारं एक मोठं मार्ट शोधलं. गाडीत संसार करणाऱ्याला ही दुकानं म्हणजे स्वर्ग, असं मी मोबाइलवर बघितलं होतं. सांगणाऱ्यांनी गाडीत एक रात्र तरी काढली आहे का, कोण जाणे. तिथं स्वस्त काय, तर जे मोठं ते. पाच किलो तांदूळ स्वस्त, अर्धा किलो महाग. तेलाचा डबा स्वस्त, पिशवी महाग. आमची गादीखालची जागा एवढीशी, तिथं पाच किलो तांदूळ ठेवला तर पाय कुठं ठेवायचे? एकावर एक फुकट म्हणजे आम्हाला एकावर एक ओझं. ज्याच्याकडे ठेवायला कपाट आहे त्यालाच स्वस्ताई, हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या मार्टात कळलं.

मग मी दुकानाचा एक कोपरा हेरला. मुदत संपत आलेला माल तिथं एका जाळीच्या गाड्यात टाकलेला असतो. दबलेली बिस्किटं, पाच मिनिटांत होणारा उपमा, सोयाबीनच्या वड्या, फोडणीचे पोहे. उपम्याला साबणाची चव होती. वड्या कितीही शिजवल्या तरी दाताखाली फडकं आल्यासारखं वाटायचं. एकदा हौसेनं इडलीचं तयार पीठ आणलं. गाडी दिवसभर उन्हात तापली, पिशवी फुगत गेली आणि संध्याकाळी फुटली ती थेट गादीवर. ह्यांची उशी आंबली. उरलेल्या पिठाची मी आंबोळी केली आणि हे उशीकडे बघत ती गुपचूप खात होते. त्या दिवशी मी शेवटचं हसले असेन.

खरी रड होती ती तिखटाची. मार्टातलं तिखट नुसतं लाल, त्याला ना वास ना जीव. त्यात केलेली आमटी म्हणजे रंगीत पाणी. आणि गादीखाली, हाताच्या अंतरावर, माझ्या चटणीचा डबा भरलेला. दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, चमचाभर काढू या, परत कणीक लावून ठेवते. हे ताटावरून उठायलाच निघाले. म्हणाले, “त्याला हात लावायचा न्हाई. सुन्याचं हाय ते. फोडलेला डबा कुणाच्या दारात नेत्यात काय?” मी चमचा परत ठेवला. पण रोज ती फिकी आमटी ढवळताना भावजींच्या घराचा रंग कधी वाळतो याचीच वाट बघत होते.

फोन काही येईना. हे रोज सकाळी मोबाइल पुसायचे आणि रेंज नीट मिळावी म्हणून गाडीच्या टपावर ठेवायचे. उन्हानं तो तापून बंद पडायचा, तर म्हणायचे, नेमका तेवढ्यातच फोन आला असणार. जनाबाई हे सगळं बसल्या जागेवरून बघत होती. एक दिवस ती सुकट (वाळवलेला बारीक जवळा) घेऊन आली आणि पैसे नको म्हणाली. एक कांदा घाल, बाकी काही लागत नाही, पण मसाला मात्र चांगला घाल, म्हणाली. मग इकडचं तिकडचं बोलून ह्यांना विचारलं, “इथं कोन हाय तुमचा?”

“सख्खा भाऊ. कामोठ्यात,” हे म्हणाले.

“मंग गारीन कशाला रांधताव?” गाडीत का शिजवता, असं तिला विचारायचं होतं.

हे म्हणाले, घराला रंग चाललाय. जनाबाईनं माझ्याकडे बघितलं, मी सुकटीकडे बघितलं. ती म्हणाली, “आमचे घरान रंग असला तरी आमी भावाला अंगनान जेवाया वाढू,” आणि पदर सावरत उठली. मला तिचा फार राग आला. एवढ्या चांगल्या बाईचा राग यावा, अशी वेळ ज्यानं आणली त्याचा खरं तर यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दाढी केली आणि जपून ठेवलेला इस्त्रीचा शर्ट घातला. भावजींना आज सुट्टी असणार, आज बोलावणं येणारच, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मला म्हणाले, मोकळ्या हातानं कसं जायचं, सायलीसाठी काहीतरी गोड आण. मी एकटीच रिक्षानं मार्टात गेले. सवयीनं आधी जाळीच्या गाड्यापाशी वाकले. मान वर केली तर समोर रेखा.

नाशिकला गेलेली रेखा. तिच्या ढकलगाडीत काचेच्या वाट्यांचा नवा संच होता, काजू-बदाम होते, श्रीखंडाचे डबे होते. हाताच्या नखांवर ताजा रंग होता. घराला दिलेला रंग तो एवढाच. तिचा चेहरा पांढरा पडला. मी माझ्या हातातलं दबलेल्या बिस्किटांचं पाकीट कुठं लपवावं हे बघत होते. चोरी तिची आणि लाज मला, असा सगळा उलटा मामला.

“ताई, उद्या सायलीला बघायला येणार आहेत,” ती हळूच म्हणाली.

मी म्हटलं, “मग थोरला चुलता कुठं बसणार?”

ती बराच वेळ वाट्यांच्या खोक्यावरची चिकटपट्टी खरवडत राहिली. मग म्हणाली, “मुलाकडचे मोठे लोक आहेत, ताई. ह्यांनी त्यांना सांगितलंय, दादांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे म्हणून. आणि ती गाडी दारात उभी राहिली तर… तिच्यावरची अक्षरं अजून दिसतात.” तिचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. जाताना म्हणाली, “दादांना सांगू नका. त्यांना लागेल.” आणि मिठाईचा एक मोठा खोका तिनं माझ्या पिशवीत घातला.

ती पैसे द्यायच्या रांगेकडे वळल्यावर तो खोका मी परत फळीवर ठेवला. आमच्या घराण्यात मुलगी बघायला आले की बैठकीत मधे थोरला बसतो. सुनील भावजींसाठी रेखाला बघायला गेलो तेव्हा हेच मधे बसले होते, हाच चेहरा, अंगावर असाच इस्त्रीचा शर्ट. ज्या गाडीची आज लाज वाटली, तसल्याच जुन्या गाडीच्या भाड्यावर भावजींची शेवटची वर्षं शिकून झाली होती. मला रडू आलं नाही. मला संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

परत आले तर हे गाडीच्या दारात शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून ताठ बसलेले. म्हणाले, “गोड काय आणलंस?” मी म्हटलं, चांगलं काही नव्हतं. मग गादी उचलली, डबा बाहेर काढला आणि चमच्याच्या टोकानं कणीक उकरायला लागले. हे बघत होते. आता ओरडतील, असं वाटलं. ते ओरडले नाहीत. मी झाकण उघडलं आणि त्या बंद गाडीत आमचं घर आल्यासारखा वास सुटला. कांदा चिरला, सुकट भाजली, दोन चमचे चटणी घातली. भात लावला. एक वाटी जनाबाईला नेऊन दिली.

हे पोटभर जेवले. पुन्हा मागून घेतलं, घाम पुसत खाल्लं. डबा का फोडला हे विचारलं नाही, मार्टात कोण भेटलं हेही नाही. हात धुऊन त्यांनी शर्ट काढला, घडी घालून ठेवला आणि म्हणाले, “सकाळी निघू.”

“अलिबागला?”

“घरी.”

सकाळी जनाबाईनं सुकटीची पिशवी गाडीत टाकली आणि पुढच्या वर्षी या म्हणाली. कामोठ्याकडचा फाटा आला तेव्हा हे आरशात मागची गाडी बघत होते. घाट चढून वर आल्यावर पहिल्यांदा बोलले, ते एवढंच, की इंजिन छान चाललंय.

गल्लीतल्या बायका विचारतात, समुद्र बघितलास का. समुद्र नाही बघितला, खाडी बघितली. ह्यांनी गाडी विकायचा विचार सोडला. दोन क्लासच्या मुलांची ने-आण मिळाली आहे. पेंटरला बोलावून ‘विद्यार्थी वाहतूक’ ही अक्षरं परत रंगवून घेतली, पूर्वीपेक्षा मोठी आणि लाल. परदेश बघून माणूस शहाणा होतो म्हणतात. आम्ही आपल्याच माणसाच्या गावाला गेलो आणि परके होऊन आलो, एवढाच आमचा प्रवास.

परवा भावजींचा फोन आला. सायलीचं जमलं म्हणाले. ह्यांनी मुलाचं नाव विचारलं, गाव विचारलं, चांगलं झालं म्हणाले. मग भावजी लहानपणी बोलायचे तशा लाडिक आवाजात म्हणाले, “दादा, यंदा वहिनींची चटणी नाही का आली? जेवण जात नाही रे.”

मी भाकरी थापता थापता थांबले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

“आणली होती की,” हे म्हणाले, “तुझ्या दारापर्यंत आणली होती.”

आणि फोन ठेवून भाकरीवर चटणी मागून घेतली.