नोटपॅडवाली

"नोटपॅडमध्ये लिहितेस? प्रोग्राम?"

सर एवढ्या मोठ्यानं हसले की टायपिंगच्या पोरीबी वळून बघाया लागल्या. हिंगोलीतलं सॉफ्टवेअरचं हापीस, मेडिकलच्या वरलं. साल दोन हजार चार. मी प्रोग्रामर म्हणून कामाला लागून आठ दिवस झाले व्हते. सर मालकाचे भाचे, पुण्याहून शिकून आलेले. ते विम नावाच्या एडिटरात, म्हंजी प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरात, लिहायचे. काळ्या स्क्रीनवर रंगीत अक्षरं, माउसला हात लावायची गरजच न्हाई. मपल्या स्क्रीनवर पांढरंफटक नोटपॅड.

त्यांनी समद्यांना बोलावलं. "हे बघा, किराण्याची यादी लिहितेय. एडिटर बघितला की माणसाची लायकी कळते. तांड्यावरून उचलून आणलं की असंच होणार. उद्यापासून टायपिंगला बस."

तांडा. आमा बंजाऱ्यांची वस्ती, पण शिवी हासडावी तसा शब्द फेकला. अन् मी? खाली मान घालून टायपिंगला बसले. मपलीच मला लाज वाटली. ह्याचा राग अजून जात न्हाई.

औंढ्याच्या क्लासात आमी सातजण अन् कॉम्प्युटर एक. अर्ध्या तासाची पाळी, त्यातबी लाईट जायची. मग मी घरीच वहीवर प्रोग्राम लिहायची. अंगणात खडूनं चौकोन काढायची, प्रोग्रामातल्या एकेका आकड्याला एक, त्यात तुरीचे दाणे ठेवायची. एकेक ओळ वाचायची अन् ती सांगंल तसे दाणे उचलायची, टाकायची. शेवटाला दाणे बराबर तर प्रोग्राम बराबर. याडी, मपली आई, वरडायची, "काय खेळ मांडलास गं? डाळीला तरी ठेव!"

हापीसात एका व्यापाऱ्याचं काम चालू व्हतं, हळदीच्या वजनाच्या चिठ्ठ्या छापायचं. पहिल्या शेतकऱ्याची चिठ्ठी बराबर यायची, दुसऱ्याच्या चिठ्ठीत पहिल्याचं वजन मिसळायचं. सर दोन दिवस चूक हुडकून राहिले. घामाघूम झाले, पण गावली न्हाई.

मी प्रोग्रामचा छापील कागद तांड्यावर नेला. दाणे मांडले. दुसऱ्या शेतकऱ्यापाशी आले तर वजनाच्या चौकोनात पहिल्याचे दाणे तसेच पडून! चौकोन रिकामा करायची ओळच लिहिली नव्हती. सकाळी ती ओळ घालून दाखवली. चिठ्ठ्या बराबर निघाल्या.

सर हळूच म्हणले, "मामांना मी सांगतो. तू आधी विम शीक, मग बघू प्रोग्रामला घ्यायचं का."

अंगाचा भडका उडाला. सरळ मालकाच्या टेबलाशी गेले.

"काका, चूक मी काढली. विम मला येत न्हाई."

मालक म्हणले, "अगं बाई, निघाली ना चूक? काहून भांडून राहिली? जा, टायपिंगला बस."

विम मी पुढं शिकले. लई भारी चीज हाय, खोटं काहून बोलू? पण ते शिकून मपली अक्कल वाढली न्हाई, अन् येत नव्हतं तवा ती कमी नव्हती. त्यांच्या हुकुमानं, त्यांच्याकडून लायकी ठरवून घ्यायसाठी मात्र मी ते शिकणार नव्हते.

त्या दिवशी मी टायपिंगच्या टेबलावरून वही उचलली अन् प्रोग्रामच्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. सर डोक्याशी येऊन उभे राहिले.

"ऊठ."

"मपल्या कामात खोट काढा, आत्ता उठते. नोटपॅड बघून उठणार न्हाई. तांडा बघून तर मुळीच न्हाई."