सराफाच्या हातावरची साखर

आमच्या घरी लग्नाचा पहिला दागिना घ्यायला गेलं की भाव विचारण्याआधी सराफाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवतात. देवासला माझ्या लग्नात वडिलांनी ठेवली होती. म्हणून मुलाकडे व्हिएन्नाला निघताना मी कोटाच्या खिशात साखरेची पुडी घेतली. लग्न मार्गशीर्षात देवासलाच होतं. मुलगी इंदूरची, त्याच्यासारखीच व्हिएन्नाला नोकरीला.

निघण्याआधी मी आणि बायको टेकडीवर देवीपुढे पहिली पत्रिका आणि अक्षत ठेवून आलो. तिचे गुडघे इतके दुखतात की परदेशी यायलाही ती नको म्हणाली होती. तू घरीच थांब, मी ठेवून येतो, असं मी सांगून पाहिलं. पण अक्षत जोडीनंच ठेवायची, म्हणून ती पायऱ्या चढली आणि ठेवताना रीतीप्रमाणे तिने माझ्या हाताला हात लावला.

व्हिएन्नात मुलगा आणि होणारी सून मला दागिन्यांच्या बाजारात घेऊन गेले. तो मोठ्या चर्चजवळच्या रस्त्यावर आहे. त्याला बाजार म्हणणंही जिवावर येतं. ना आवाज, ना गर्दी. एका अख्ख्या काचेमागे एकच पर्स, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी उजेडात बसवलेली. दुकानांच्या दारांत काळ्या सुटातली माणसं उभी. त्यातल्या एकाला मी नमस्कार केला, तर त्यानेही अदबीने मान लववली.

एका सराफाच्या काचेत निळ्या मखमलीवर नाजूक कानातलं दिसलं. सुनेसाठी हेच घेऊ, असं माझ्या मनानं घेतलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, ये वाली दुकान नको ना. आगे बघू."

मला वाटलं, बापाच्या खिशाची काळजी करतोय. भरून आलं. त्याचा हात धरून मी त्याला आत नेलं. होणारी सून मागून आली.

आतल्या बाईंच्या हातांत करडे मोजे होते. मी त्यांच्या तळव्यावर साखर ठेवली आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं, मुलाचं लग्न आहे, ही आमची रीत. त्या आधी साखरेकडे पाहत राहिल्या, मग त्या दोघांकडे. चेहरा खुलला. म्हणाल्या, मघापासून वाटतच होतं, यांना पाहिलंय. वसंतात दोघं लग्नाच्या नोंदणीवरून थेट इथेच आले होते, हिच्या केसांत फुलं होती. अंगठ्या मीच दाखवल्या. आता परत लग्न? किती छान.

कानातलं राहिलं. बाहेर बाकावर मुलगा सांगत राहिला. व्हिसाचं होतं, एकत्र राहायला कागद लागत होता, सही ही तो थी बाबा. मग मला का नाही सांगितलं, असं मी त्याला विचारलं. उत्तर सुनेने दिलं.

"आप ही कहते हैं ना, शादी एक बार होती है।"

खरं होतं. राजगढच्या पुतण्याने कोर्टात लग्न केलं आणि मागाहून मांडव घातला, तेव्हा मी गेलो नव्हतो. सही झाली, आता बँडबाजा कुणासाठी, असं चारचौघांत बोललो होतो.

तिथूनच बायकोला फोन लावला. मी नुसती हाक मारली, तर तिने काय झालं, असं विचारलं नाही. "कळलं?" एवढंच विचारलं.

तिला ठाऊक होतं. धारला तिच्या भावालाही होतं. मी म्हटलं, मग टेकडीवर माझ्या हाताला हात कसा लावलास?

"देवीला मी आधीच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हालाच सांगायची हिंमत झाली नाही."

देवीला बोलावून झालं होतं, तेव्हा लग्न मोडता येत नव्हतं. मोडायचं तरी काय? मार्गशीर्षात मांडव उभा राहिला. ओळखीचे भावासारखी हाक मारत येऊन सांगत, भिया, देखो, परदेश में रहके भी लड़के ने घर की रीत रखी. मी हसून मान डोलवत होतो.

अंतरपाट धरला. दर मंगलाष्टकाला अक्षता उडत होत्या. धारचे मामा सगळ्यांत जोरात टाकत होते. माझी मूठ काही उघडली नाही. शेजारी बायको होती, तिने ते पाहिलं आणि हळूच माझ्या हाताला हात लावला. मी हात काढून घेतला.

ते तांदूळ अजून कोटाच्या खिशात आहेत, साखरेच्या पुडीशेजारी. राग कधीतरी जाईलही. पण लेकाच्या डोक्यावर बापाच्या अक्षता पडल्या नाहीत, हे आता कसं भरून काढायचं, ते मला कळत नाही.