लाल न झालेला दवबिंदू

मणक्याला टीबी होतो हे मला तो होईपर्यंत माहीत नव्हतं. पाठ दुखतेय म्हणून कित्येक महिने बाम चोळत राहिलो, आणि एक दिवस कामावर वाकलो तो सरळच होता येईना. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, बराच काळ घरी पडून राहावं लागेल. कोपरच्या आमच्या घरात खिडकीला लागून पलंग आहे. तिथे मी पडलो.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या एका युनिटमध्ये मी शेड मास्तर होतो. पार्टीनं पाठवलेल्या नमुन्याशी आमच्या कापडाचा रंग जुळवायचा, हे काम. उत्तरेच्या खिडकीत दोन तुकडे शेजारी शेजारी धरायचे आणि सांगायचं, ह्यात पिवळा जास्त झालाय, ह्यात निळा कमी पडतोय. रंग मोजायचं मशीनही होतं, पण शेवटचा शब्द माझा. गाजरी, डाळिंबी, कुसुंबी, मरून, असे कितीतरी लाल मला डोळे मिटून दिसायचे.

मुलगी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा माझ्यासाठी एक छोटी कुंडी घेऊन आली. रुपयाएवढं रोप, चमच्यासारखी बारकी पानं, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. शाळेच्या पुस्तकातला दवबिंदू, किडे खाणारा.

"नर्सरीवाला म्हणाला, आता हिरवं आहे, पण नीट ठेवलं तर सगळंच्या सगळं लाल होतं," ती म्हणाली. "बाबा, तू करून दाखव. रंगाचा मास्तर ना तू."

पडल्यापडल्या दुसरं काय होतं? मोबाइलवर वाचून मी सगळी माहिती काढली. ह्याला माती चालत नाही, खत तर विषच. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी मरतं, म्हणून बायकोनं बॅटरीत घालायचं पाणी आणून दिलं. कुंडी त्या पाण्याच्या बशीत ठेवायची. खायला घालायचं नाही. चिलटं येतील तेवढी येतील. पोट भरलेलं रोप हिरवं राहतं. भरपूर ऊन आणि रात्रीचा गारवा मिळाला की रंग चढतो.

थोड्याच दिवसांत केसांची टोकं गुलाबी झाली. मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि दाखवलं. आजारपणात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या दिवशी.

पण पुढे रंग चढेना. उलट होता तोही उतरल्यासारखा वाटायला लागला. संक्रांतीच्या सुमारास मला ते रोप मातकट, वाळल्या गवतासारखं दिसत होतं. कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये अजून पुढे सरकवली. पाणी बदललं. काही फरक नाही.

"लाल झालंय की छान," बायको म्हणाली. "अजून काय हवंय तुम्हाला?"

आजारी माणसाशी घरातली माणसं अशीच बोलतात. चेहरा उतरलेला असला तरी टवटवीत दिसताय म्हणतात. मुलीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "बाबा, कसलं लाल केलंयस रे!" मला वाटलं, दोघींनी ठरवून घेतलंय. लाल म्हणजे काय हे मला ह्या शिकवणार? मनातून थोडा राग आलेला, आणि त्यांच्या मायेनं गहिवरूनही आलेलं.

तेव्हाच पेपरातली अक्षरंही पुसट दिसायला लागली होती. डॉक्टरांनी सुरुवातीला बजावलं होतं, नजरेत फरक वाटला तर लगेच सांगा. पण मला वाटलं, पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. रंगाचा तर विचारही मनात आला नाही.

होळीनंतर मी बायकोला म्हणालो, कुंडी गच्चीवर ठेव, तिथे दिवसभर ऊन लागेल. "करपेल हो," ती म्हणाली. तरी माझ्या हट्टापायी घेऊन गेली. रोज तीन मजले चढून पाणी घालून यायची.

त्याच दिवसांत युनिटमधला माझा जुना सोबती भेटायला आला. बोलताबोलता त्यानं खिशातून कापडाचे दोन तुकडे काढले.

"मास्तर, एक पार्टी शेड पास करत नाहीये. जरा बघता?"

मी उठून बसलो. खिडकीच्या उजेडात तुकडे धरले. बऱ्याच दिवसांनी हातात काम आलं होतं.

"बरोबर तर आहे," मी म्हणालो. "दोन्ही एकच आहेत. पार्टीच चुकतेय."

मग त्यानं तुकडे हळूच माझ्या हातातून काढून घेतले, चहा संपवला आणि बाहेर जाऊन बायकोशी बोलला. त्याचा आवाज मला ऐकू आला. "वहिनी, माझ्या खिशातून चुकून भलताच तुकडा निघाला. एक मरून होता, एक खाकी. डॉक्टरांना दाखवा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं समोर धरली. त्यांत आकडे असतात म्हणे. मला नुसते ठिपके दिसले. त्या म्हणाल्या, टीबीच्या गोळ्यांपैकी एक डोळ्यांच्या नसेला कधीकधी बाधते. सगळ्यात आधी लाल आणि हिरवा जातो. ती गोळी बंद झाली.

घरी आल्यावर मी बायकोला कुंडी खाली आणायला सांगितली. तिनं आणून पलंगावर ठेवली. मला ती होती तशीच दिसली.

"आता कशी आहे?" मी विचारलं.

"करपली. आठवडा झाला."

"आणि त्याआधी?"

ती पदरानं कुंडीची कड पुसत राहिली. "त्याआधी लाल होती. जास्वंदीसारखी. संक्रांतीपासून होळीपर्यंत. उन्हात थेंब चमकायचे तेव्हा बघत राहावंसं वाटायचं."

"मला का नाही बोललीस?"

"बोलत होते की हो," ती म्हणाली.

मणका बरा झाला. पट्टा सुटला. नजरही बरीचशी आली. मोठी अक्षरं वाचतो, एकटा स्टेशनपर्यंत जातो. लाल मात्र पूर्वीसारखा आला नाही. खूप गडद असेल तर कळतो, पण गाजरी आणि डाळिंबी मला आता वेगळे करता येत नाहीत. युनिटनं स्टोअरमध्ये काम देऊ केलं. गेलो काही दिवस. उत्तरेच्या खिडकीत दुसऱ्या कोणाला तुकडे धरून उभं बघायचो आणि जेवण जायचं नाही. सोडलं.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. शालू घ्यायला आम्ही ठाण्याला गेलो. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग उलगडला. मुलीनं दोन उचलल्या आणि लहानपणापासूनच्या सवयीनं माझ्याकडे वळली. "बाबा, ह्यातली कुठली?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. बायको खाली बघायला लागली. मी दोन्हींवरून हात फिरवला. एकीचा पोत घट्ट होता.

"ही घे," मी म्हणालो. तिनं तीच घेतली.