सोन्याचं लाल पाणी

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत मी सोन्याचे कण करते. ते इतके बारीक असतात, की त्यांचं पाणी सोनेरी नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा सुरुवातीला अगदी नगण्य असतात. नुसता लेझर टाकून यंत्राला त्या दिसत नाहीत. त्या सोन्याला चिकटल्या, की त्यांच्याकडून येणारा प्रकाश कैकपटींनी वाढतो आणि त्या सापडतात.

एकदा गावी, हदगावला जाताना आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाखवायला मी त्या पाण्याची बाटली नेली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"बरं हाय," ते म्हणाले. "आपल्याकडं माणूस मेल्यावर तोंडात सोनं घालतेत. तू जित्या माणसाच्या कामी लावून राहिलीस."

पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला, पार पसरलेला. आमची पद्धत अजून प्रयोगशाळेतच होती. 'दवाखान्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल,' हे मी भाषणांत किती सहज सांगायचे! त्या वाक्याची मला आता चीड येते.

आबा गेले, तेव्हा चुलत्यांनी तोंडात घालायला सोनं मागितलं. कुणी काही आणायच्या आत आईनं गळ्यातल्या पोतीचा एक सोन्याचा मणी ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"तूच घाल," ती म्हणाली.

माझ्या हातचं सोनं आबांपर्यंत पोचलं, ते असं.