मुक्या जेवणाचा चातुर्मास

चिवड्याचा डबा कितीही झटकला तरी तळाशी चार शेंगदाणे आणि मूठभर चुरा राहतोच. आमच्या घरातल्या यांच्या गोष्टींचं तसंच आहे. सांगून संपल्या म्हणावं, तर कोणीतरी डबा हलवतं आणि पुन्हा खडखड!

पंचवटीत आमचं फराळाचं दुकान होतं. शेव, चिवडा, पेढे. पहाटे आंघोळ करून हे स्वतः कढईपाशी बसत. गिऱ्हाइकं यांना नानाशेठ म्हणत. मी अर्थातच 'अहो'!

त्या वर्षी आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला. मुक्यानं जेवायचं. तोंडून एक शब्द निसटला, तर हात धुवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपास.

"कशासाठी गं?" यांनी विचारलं.

"सांगितलं की फळ जातं," मी म्हटलं.

तुम्हांला आता सांगायला हरकत नाही. आमची थोरली रंगू शाळेत सातवीला होती. फायनलची परीक्षा मार्चात; ती पास झालं की त्या काळी शाळेत शिकवता यायचं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. सासूबाई रोज म्हणायच्या, "चौदावं सरलं, आता कसली परीक्षा? स्थळं बघा!" आणि हे दोघींनाही एकच उत्तर द्यायचे, "बघू." म्हणून मी कपालेश्वराला म्हटलं, पोरीची तेवढी परीक्षा होऊ दे. दुसऱ्या कोणाला बोलले नाही. रंगूलाही नाही.

*

माझ्या नेमाचा पहिला फायदा यांनीच घेतला!

मी पहिला घास घेतला की हे समोर पाट ओढून बसायचे. "अगं, नवी कढई घ्यावी म्हणतो. मोठी. घेऊ ना?"

मी गप्प.

दुसऱ्या दिवशी कढई दारात! एवढी मोठी, की आमचा धाकटा तिच्यात बसून झोके घेऊ लागला.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारलं की! तू कुठं नाही म्हणालीस?"

पुढं आठवड्यानं असंच जेवताना, "ताईला मुलांसकट महिनाभर बोलावतो हं." नणंदबाईंची सहा मुलं! मी पाण्याचा तांब्या दाणकन आपटला.

हे सासूबाईंना म्हणाले, "बघ आई, किती आनंद झाला हिला!"

*

आमच्याकडे दिवसाचा पहिला घाणा देवाला. नैवेद्य होईपर्यंत कोणी चव म्हणून बघायची नाही. श्रावणातल्या एका रविवारी हे शेवेत मीठ घालायलाच विसरले. नैवेद्य झाला, देव काही बोलला नाही. पहिलं गिऱ्हाईक मात्र बोललं. सटाण्याकडचे एक यात्रेकरू तोंड वाकडं करून म्हणाले, "शेठ, आठे मीठ कुठे शे?"

यांनी एक चिमूट तोंडात टाकली. क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "आज आदित्यवार. अळणी व्रतवाल्या बायकांसाठी खास केलीय!"

गल्लीत बातमी गेली. दुपारपर्यंत परात रिकामी! आणि पुढच्या रविवारी सकाळीच दुकानापुढं बायका उभ्या. "नानाशेठ, ती व्रताची शेव द्या."

त्या रविवारी यांनी सवयीनं मीठ घातलेलं होतं. मग काय, दुसरा घाणा काढावा लागला. घामाघूम होऊन घरी आले आणि मला म्हणाले, "तुमच्या देवाचं काही खरं नाही. चूकसुद्धा नेमानं करायला लावतो!"

*

शाळा सुटली की रंगू दुकानात पुड्या बांधायला बसे. पण कागद हातात आला की आधी तो वाचायची, मग शेव भरायची. जुनं वर्तमानपत्र, कोणाची फाटकी वही, काहीही चालायचं.

एकदा आमचे शेजारी, पूजा सांगणारे भटजी, ताटकळून ओरडले, "पोरी, पुडी बांधतेस की पोथी सांगतेस?"

तराजू हातात धरून हे शांतपणे म्हणाले, "थांबा गुरुजी. परिच्छेद संपू द्या."

ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली. त्यांनी त्याच आठवड्यात नांदगावच्या एका घरी निरोप धाडला.

*

दसऱ्यानंतर नांदगावची मंडळी आली. घर चांगलं, मुलगाही शांत. त्यांना तुळशीचं लग्न झालं की लगेच मुहूर्त हवा होता. म्हणजे रंगूची परीक्षा बुडालीच!

पुरुषांची पंगत उठली, आमची बसली. बायकांच्या पंगतीला हे स्वतः वाढत. सासूबाईंना ते मुळीच आवडत नसे, पण यांचं म्हणणं, वाढणं हा आपला धंदाच आहे. माझ्या शेजारी मुलाची आई होती. बाई मोकळ्या स्वभावाच्या. दोन घास झाले आणि त्यांनी यांनाच विचारलं, "मग नानाशेठ, मार्गशीर्षातला पहिला मुहूर्त धरायचा ना?"

सासूबाई लगबगीनं म्हणाल्या, "धरायचाच की!"

आता बोलावंच लागणार होतं. नेम मोडो, काही होवो. मी हातातला घास खाली ठेवला, तोंड उघडलं—

तेवढ्यात माझ्या पानात एक जिलबी पडली.

"तू जेव," हे म्हणाले. मग बाईंकडे वळले. "स्थळ आम्हांला पसंत आहे. पण हिचं म्हणणं असं, की मार्चातली फायनल झाल्याशिवाय मुहूर्त नाही. आणि पुढं मुलगी शिकवायला जाते म्हणाली, तर तुम्ही अडवायचं नाही."

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

नांदगावच्या बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "अहो, पण या तर काहीच बोलल्या नाहीत!"

"तीन महिने झाले," जिलब्यांची परात सावरत हे म्हणाले, "आमचं घर हिच्या न बोलण्यावरच चाललंय. विचारा हवं तर."

बाई माझ्याकडे वाकल्या. "काय हो वहिनी, असंच म्हणणं आहे का तुमचं?"

मी मान खाली घातली आणि जिलबीचा तुकडा मोडला.