कोणाचाच नसलेला पेपर

आमच्याकडे फुकट मिळणारा छापील कागद म्हणजे निवडणूक. हे मला पेपर काढण्याआधीच कळायला हवं होतं. गावाचं एक चार पानी पाक्षिक काढायचं आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर फुकट वाटायचं, एवढाच माझा बेत होता. अंबाजोगाईहून पहिला अंक छापून आणला आणि स्टँडवर स्वतःच वाटायला उभी राहिले. बातम्या कोणी बघेचना. लोक अंक उलटापालटा करून पुढाऱ्याचा फोटो शोधायचे, आणि तो सापडला नाही की विचारायचे, "हे कोणाचं हाय?"

"कोणाचंच नाही. आपल्या सगळ्यांचं आहे."

"मग फुकट कावून वाटता?"

हॉटेलवाला तर हसून म्हणाला, "मालकांना उभं करता वाटतं, ताई?" माझा नवरा ग्रामसभेतसुद्धा मागं बसून पेंगतो. असा संताप आला! तरी दात दाखवले आणि त्याच्याही हातात अंक ठेवला.

दुसऱ्या अंकात मी दवाखान्याची बातमी छापली. जनावरांचा दवाखाना कित्येक दिवस बंद होता. पावसाळा तोंडावर आला तरी लस टोचलेली नव्हती आणि धनगरवस्तीवर मेंढरं मरायला लागली होती. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला हे सांगितलं. कुलपाचा फोटो काढायला तोच सोबत आला. बातमीत मी त्याचं नाव घातलं नाही, पण आम्हाला दोघांना तिथं अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

झालं. बातमी विरोधी पार्टीनेच छापून घेतली, असं गावाने ठरवून टाकलं. गावात सत्ता असलेल्या पुढाऱ्यांचा एक माणूस घरी आला, चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, "ताई, काय मिळालं ते इचारत न्हाई. फकस्त कोणाकडून, तेवढं सांगा." विरोधी पार्टीने तर कहरच केला. माझी बातमी झेरॉक्स काढून गठ्ठ्याने वाटली. आता मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते?

पण दवाखाना उघडला! पुढारी स्वतः डॉक्टरांना घेऊन वस्तीवर गेले. मी घरात एकटीच वेड्यासारखी हसत होते. पेपरने काम केलं होतं.

चार दिवसांनी तो मेंढपाळ दारात उभा. हातात एक फोटो. पुढाऱ्यांच्या डोक्याला पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडं, कडेवर कोकरू आणि शेजारी हा हात जोडून.

"ताई, जाहीर आभार छापायचेत. सायबांनी दवाखाना उघडला म्हणून."

"मामा, तो कशामुळे उघडला, तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत हाय की. पर तुमचं नाव घेतलं तर पुन्ना कुलूप लागंल. त्या दिवशी लस संपली, निम्मी मेंढरं ऱ्हायलीत माझी."

मला त्याचा राग आला, पुढाऱ्यांचा आला, त्या घोंगड्याचासुद्धा आला. फोटो परत त्याच्या हातात कोंबावा असं वाटलं.

"पहिल्या पानावर घ्या," तो म्हणाला. "आन जरा लवकर काढा. डॉक्टर सोमवारी येतो म्हणलेत. त्याच्याआधी सायबांना दिसाया पायजे."

रविवारी सकाळी अंक वाटून झाला होता.