डोळ्यांची आखणी
रंगाची बाटली उघडली की त्या वासाने पेणमधला माझा चित्रकलेचा वर्ग आठवतो. मुंबईच्या कार्टून कंपनीतल्या मुलाखतीसाठी मी तेव्हा मुलांच्या चित्रांच्या फाइली तयार करत होतो. पेणजवळच्या हमरापूरच्या एका मुलीने घरच्या कारखान्यात स्वतः आखलेल्या गणपतींच्या डोळ्यांचे फोटो लावले होते. "हे काढ, ही कारागिरी झाली," म्हणत मी तिला माठ-फळांची चित्रं लावायला सांगितली. मुलाखतीहून परतल्यावर ती म्हणाली, "सर, ते बोलले, असे माठ सगळीच काढतात, तुझं स्वतःचं काय हाय? मी बोलली, काय नाय." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि पुढची फाइल उघडली. आजही घरी गणपती पेणचाच येतो. त्याचे डोळे कोणी आखले, ते मूर्तीवर लिहिलेलं नसतं. आरतीला मी पायांकडे बघतो.